वनस्पतीजन्य नॅनोपदार्थ : पर्यावरणस्नेही ओळख आणि सुरक्षिततेची कसोटी

कापूस, लाकूड, बांबू, भाताचा पेंढा आणि उसाचे चिपाड यांपासून तयार होणारे नॅनोपदार्थ प्लास्टिक आणि खनिज तेलापासून बनणाऱ्या रसायनांना पर्याय म्हणून पुढे येत आहेत. वेष्टनाचा कागद, रंग, शाई, सौंदर्यप्रसाधने, जखमेवरील पट्ट्या, काँक्रीट आणि मोटारींचे सुटे भाग अशा अनेक वस्तूंमध्ये त्यांचा वापर सुरू झाला आहे अथवा चाचणीच्या टप्प्यावर आहे. मूळ घटक वनस्पतीतला असल्याने हे पदार्थ निर्धोक असतील, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गेल्या दोन दशकांतील विषशास्त्रीय संशोधनाने मात्र या समजुतीच्या मर्यादा दाखवून दिल्या आहेत. अन्नातून आणि पाण्यातून होणारा धोका अल्प असल्याचे संकेत देणारे पुरावे उपलब्ध आहेत. कोरडी भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे ही सर्वाधिक चिंतेची बाब आहे आणि हा संपर्क सर्वप्रथम कारखान्यातील कामगाराच्या वाट्याला येतो.

नॅनोपदार्थ म्हणजे काय?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. मानवी केसाची जाडी साधारणपणे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. ज्या पदार्थाच्या कणांची किमान एक मिती १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला सामान्यतः नॅनोपदार्थ म्हणतात. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार, पदार्थातील संख्येने निम्मे किंवा अधिक घनकण या मर्यादेत बसत असतील तर तो नॅनोपदार्थ ठरतो.

आकार इतका लहान झाला की पदार्थाचे वर्तन बदलते. समान वजनाच्या पदार्थाचे पृष्ठफळ कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे तो अधिक मजबुती देतो, अधिक पाणी धरून ठेवतो आणि इतर रसायनांशी अधिक सहजतेने जोडला जातो. उद्योगांना हेच गुणधर्म हवे असतात. शरीरात आणि पर्यावरणात या पदार्थाचे काय होते, याचा नव्याने विचार करावा लागण्याचे कारणही हेच आहे.

‘वनस्पतीजन्य’ या एका शब्दाखाली दोन वेगळे वर्ग

या क्षेत्रात ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. सुरक्षिततेचा विचार करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिल्या वर्गात पदार्थ स्वतःच वनस्पतीचा असतो. सेल्युलोज, लिग्निन आणि स्टार्च यांपासून बनलेले नॅनोकण यात येतात. त्यांपैकी नॅनोसेल्युलोज सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. सेल्युलोज नॅनोस्फटिक हे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, ताठ कण असून त्यांची जाडी काही नॅनोमीटर आणि लांबी शे-दोनशे किंवा काहीशे नॅनोमीटर असते. साधारण ६४ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून ते मिळवले जातात. सेल्युलोज नॅनोतंतू हे त्याहून लांब, लवचिक आणि एकमेकांत गुंतलेले असतात. लगद्यावर प्रचंड दाब व घर्षणाची प्रक्रिया करून ते सुटे केले जातात.

दुसऱ्या वर्गात वनस्पती केवळ साधन असते. पानांच्या अर्कातील रसायने चांदी किंवा सोन्याच्या क्षारांपासून धातूचे नॅनोकण तयार करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर केलेले काम जगभर संदर्भ म्हणून वापरले जाते. कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून चांदी व सोन्याचे नॅनोकण बनवण्याचे त्यांचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत घातक रसायनांचा वापर टळतो, हा तिचा लाभ आहे. परंतु तयार होणारा कण शेवटी चांदीचाच असतो. चांदीतून सुटणारे आयन जिवाणूंना मारतात, तसेच पाण्यातील शेवाळ व सूक्ष्म प्राण्यांनाही अपायकारक ठरू शकतात. निर्मितीची पद्धत हरित असणे आणि अंतिम पदार्थ निर्धोक असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

प्रयोगशाळेतून बाजारात

सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण मिळवता येतात, हे स्वीडनमधील संशोधनातून १९५० च्या सुमारास स्पष्ट झाले होते. नॅनोतंतूंचे तंत्र अमेरिकेत विकसित झाले आणि त्याविषयीचे शोधनिबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र यंत्रांना लागणाऱ्या विजेमुळे ते दीर्घकाळ परवडणारे नव्हते. टोक्यो विद्यापीठातील अकिरा इसोगाई आणि सहकाऱ्यांनी रासायनिक पूर्वप्रक्रियेचा मार्ग शोधून हा अडसर बऱ्याच अंशी दूर केला. या कामासाठी त्यांना २०१५ चा मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार मिळाला.

त्यानंतर वापराला वेग आला. कॅनडातील क्विबेक प्रांतात २०१२ मध्ये दिवसाला एक टन नॅनोस्फटिक तयार करण्याची क्षमता असलेला प्रकल्प सुरू झाला. जपानमध्ये जेल पेनची शाई, प्रौढांसाठीचे डायपर आणि धावण्याचे बूट यांत नॅनोतंतू वापरले गेले. २०१९ च्या टोक्यो मोटार प्रदर्शनात जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या प्रकल्पाअंतर्गत बनवलेली, नॅनोसेल्युलोजचे भाग असलेली मोटार मांडण्यात आली.

भारतात मुंबईच्या माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला आहे. सरकी काढल्यानंतर तिच्यावर उरणारे आखूड तंतू त्यासाठी उपयोगी पडतात. पऱ्हाटी, केळीचे खोड, पेंढा आणि चिपाड यांवरही देशातील अनेक प्रयोगशाळांत काम सुरू आहे. शेतात जाळला जाणारा किंवा मातीमोल भावाने विकला जाणारा अवशेष मूल्यवान कच्चा माल ठरू शकतो, ही या संशोधनामागील मोठी अपेक्षा आहे.

अन्नातून सेवन : आतापर्यंतचे पुरावे दिलासादायक

सेल्युलोज हा मानवी आहाराचा जुना घटक आहे. भाज्या, फळे आणि धान्याच्या कोंड्यातून तो रोज पोटात जातो. मानवी शरीरात तो पचवणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, नसल्याने त्याचा बहुतांश भाग तंतुमय घटक म्हणून बाहेर पडतो. औषधाच्या गोळ्या आणि अनेक खाद्यपदार्थांत सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज दीर्घकाळ वापरले जाते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सेल्युलोजवर्गीय खाद्यपूरकांचे फेरमूल्यांकन केले. नोंदवलेल्या वापरात सुरक्षिततेची चिंता नसल्याचा निष्कर्ष त्यात काढण्यात आला आणि दैनंदिन सेवनाची संख्यात्मक मर्यादा ठरवण्याची गरज नसल्याचेही सांगण्यात आले. हे मूल्यांकन प्रचलित सेल्युलोजचे होते. नॅनो आकारासाठी स्वतंत्र अभ्यास आवश्यक ठरतात.

हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेतील संशोधकांनी असा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांना पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा नॅनोतंतूंचे एक टक्का तीव्रतेचे द्रावण देण्यात आले. त्यांच्या रक्तात व ऊतींत लक्षणीय विषारी परिणाम आढळले नाहीत. तथापि, याच गटाच्या आधीच्या अभ्यासात नॅनोसेल्युलोजमुळे स्निग्ध पदार्थांचे पचन व शोषण घटल्याचे दिसून आले होते. स्थूलतेवरील उपाय म्हणून याकडे पाहता येते. त्याचबरोबर स्निग्ध पदार्थांत विरघळणारी जीवनसत्त्वे आणि कुपोषित बालकांचा आहार यांवर दीर्घकाळात काय परिणाम होईल, हा प्रश्नही त्यातून उपस्थित होतो. काही आठवड्यांच्या प्रयोगांवरून आयुष्यभराच्या सेवनाविषयी ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

श्वसनमार्ग : चिंतेचे केंद्र

जो पदार्थ पोटातून निर्धोकपणे निघून जातो, तोच फुप्फुसात वेगळा वागतो. श्वासावाटे आलेले मोठे कण नाक व घशातील चिकट स्रावात अडकून बाहेर टाकले जातात. अतिसूक्ष्म कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी त्यांना गिळून नष्ट करण्याचा प्रयत्न करतात. कण विरघळणारा असेल तर हे काम पूर्ण होते. सेल्युलोजचे विघटन करणारे विकर फुप्फुसातही नसल्याने तो तेथे दीर्घकाळ टिकून राहतो.

जर्मनीतील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, उंदरांच्या फुप्फुसातील लांब सेल्युलोज तंतूंची संख्या निम्म्यावर येण्यास सुमारे १००० दिवस लागतात. प्रयोगशाळेतील उंदराचे आयुष्यच दोन ते तीन वर्षांचे असते, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचे गांभीर्य कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या, म्हणजेच नायोशच्या, संशोधकांनी फुप्फुसातील द्रवासारख्या कृत्रिम द्रवांत नॅनोसेल्युलोज ठेवून पाहिले. तेथेही त्याचे विरघळणे नगण्य होते.

तंतूंच्या धोक्याचे मोजमाप करताना शास्त्रज्ञ लांबी, जाडी आणि टिकाऊपणा हे तीन निकष लावतात. ॲस्बेस्टॉसच्या अनुभवातून हे निकष तयार झाले. लांब, बारीक, ताठ आणि न विरघळणारा तंतू भक्षक पेशीला पूर्णपणे गिळता येत नाही. ती पेशी दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवत राहते आणि कालांतराने ऊतींना इजा होते. नॅनोसेल्युलोज टिकाऊपणाचा निकष पूर्ण करते. उरलेल्या दोन निकषांबाबत मात्र ते बहुतांशी ॲस्बेस्टॉसपेक्षा वेगळे ठरते. नॅनोस्फटिक आखूड असतात, तर नॅनोतंतू लवचिक असून त्यांचे पुंजके होतात.

प्रयोगांचे निष्कर्षही या वर्णनाशी सुसंगत आहेत. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०११ मध्ये कापसापासून मिळवलेल्या नॅनोतंतूंची मानवी फुप्फुसपेशींच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर चाचणी घेतली. कार्बन नॅनोनलिका आणि निळे ॲस्बेस्टॉस यांच्या तुलनेत त्यांचा विषारी परिणाम बराच कमी आढळला. फिनलंडमधील एका संशोधनात, उंदरांच्या फुप्फुसात नॅनोतंतू सोडल्यानंतर तीव्र दाह झाला आणि महिनाभरात तो ओसरला. तंतू मात्र फुप्फुसात शिल्लक होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अन्य एका अभ्यासात उंदरांच्या फुप्फुसपेशींतील डीएनएला इजा झाल्याचेही नोंदवले गेले. नायोशच्या संशोधकांना एकाच प्रकारच्या नॅनोस्फटिकांची भुकटी आणि जेल यांचे परिणाम वेगवेगळे आढळले. पदार्थाचे नाव एकच असले, तरी त्याचे रूप आणि प्रक्रिया बदलली की धोक्याचे स्वरूपही बदलते, हे त्यातून स्पष्ट झाले.

या प्रयोगांत पदार्थाची मोठी मात्रा एकाच वेळी थेट श्वसनमार्गात सोडली जाते. कामगाराच्या शरीरात तो अल्प प्रमाणात, परंतु वर्षानुवर्षे जातो. दोन्ही परिस्थिती समान नसल्याने प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

कापूस गिरण्यांचा धडा

वनस्पतीची धूळ निरुपद्रवी मानण्याची किंमत भारताने आणि जगाने यापूर्वी मोजली आहे. कापूस, ताग व अंबाडीच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी सोसला. पिंजणी आणि कार्डिंग खात्यात धूळ सर्वाधिक असे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतलेल्या कामगाराची छाती पहिल्याच दिवशी भरून येई, श्वास अडखळे आणि आठवडा सरता सरता बरे वाटू लागे. सुरुवातीच्या या लक्षणांकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे कायमचा श्वसनविकार जडत असे.

मुंबईचे गिरणगाव, अहमदाबाद, कानपूर आणि कोइमतूर ही कापड गिरण्यांची प्रमुख केंद्रे होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या आजाराचा अभ्यास केला. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचा व्यावसायिक आजार म्हणून समावेश झाला. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीसाठी स्वतंत्र मानक लागू करून सूतनिर्मितीच्या खात्यांत दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली.

या आजाराचे कारण शोधताना संशोधकांचे लक्ष सेल्युलोजपेक्षा कापसावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनकडे वळले. नॅनोसेल्युलोजच्या बाबतीतही ही बाब महत्त्वाची आहे. पाण्यात ठेवलेल्या नॅनोसेल्युलोजच्या जेलमध्ये जिवाणू व बुरशी वाढू शकतात. ते रोखण्यासाठी जंतुनाशके मिसळली जातात. त्यामुळे चाचणीत दिसणारा परिणाम मूळ पदार्थाचा, एंडोटॉक्सिनचा की जंतुनाशकाचा, हे तपासल्याखेरीज कोणताही निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही.

पर्यावरणात काय घडते?

सेल्युलोजचे विघटन करणारे जिवाणू आणि बुरशी माती व पाण्यात सर्वत्र असतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात सेल्युलोज व स्टार्चचे नॅनोकण त्यांच्या मोठ्या कणांपेक्षा अधिक चांगले विघटित झाले, तर फुलरीन आणि कार्बन नॅनोनलिका विघटित झाल्या नाहीत. कॅनडातील संशोधकांनी २०१० मध्ये नॅनोस्फटिकांची पाण्यातील विविध सजीवांवर चाचणी घेऊन विषारीपणा कमी असल्याचा निष्कर्ष काढला. त्यात माशांच्या प्रजननावरील परिणाम सर्वाधिक संवेदनशील ठरला. मात्र तो दिसण्यासाठी लागलेले प्रमाण लिटरला सुमारे ०.३ ग्रॅम, म्हणजे नैसर्गिक जलस्रोतांत अपेक्षित असलेल्या प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक होते.

हा दिलासा शुद्ध आणि अपरिवर्तित नॅनोसेल्युलोजपुरता आहे. तेल किंवा प्लास्टिकमध्ये मिसळता यावे म्हणून कणांच्या पृष्ठभागावर इतर रसायने जोडली जातात. त्यामुळे विघटनाचा वेग मंदावू शकतो. प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या नॅनोतंतूंमुळे ते प्लास्टिक जैवविघटनशील होत नाही. सांडपाण्यातील जड धातू आणि रंग शोषून घेण्यासाठी नॅनोसेल्युलोज उपयुक्त असले, तरी वापर झाल्यावर धातूंनी भरलेला हा पदार्थ घातक कचरा ठरतो आणि त्याची तशीच विल्हेवाट लावावी लागते.

निर्मितीचा भारही मोजावा लागतो. पूर्वप्रक्रिया न करता एक टन नॅनोतंतू सुटे करण्यासाठी २० हजार युनिटहून अधिक वीज लागू शकते. विकरांच्या अथवा रसायनांच्या पूर्वप्रक्रियेमुळे हा आकडा मोठ्या प्रमाणावर खाली येतो. आम्लप्रक्रियेत मोठ्या प्रमाणात आम्ल आणि पाणी वापरले जाते. आम्लाची पुनर्प्राप्ती व सांडपाण्याचे शुद्धीकरण झाले नाही, तर ‘हरित’ पदार्थाचा कारखानाच नदीला अपायकारक ठरू शकतो.

नियम कोठे आहेत?

हवेतील कार्बन नॅनोनलिकांसाठी दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅम ही शिफारस केलेली मर्यादा नायोशने २०१३ मध्ये जाहीर केली. नॅनो आकाराच्या टायटॅनियम डायऑक्साइडसाठी २०११ मध्ये आणि चांदीसाठी २०२१ मध्ये तशाच शिफारशी करण्यात आल्या. सेल्युलोजसाठी अमेरिकेत श्वसनयोग्य धुळीची मर्यादा दर घनमीटरला पाच मिलिग्रॅम, म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम आहे. ती सर्वसाधारण सेल्युलोजच्या धुळीला अनुसरून ठरवलेली आहे. नॅनो आकाराचे कण वजनाने अत्यल्प आणि संख्येने प्रचंड असल्याने केवळ वजनावर आधारलेली मर्यादा पुरेशी ठरते का, याविषयी तज्ज्ञांमध्ये चर्चा सुरू आहे.

युरोपीय संघात रसायनांच्या नोंदणी कायद्यानुसार जानेवारी २०२० पासून नॅनोरूपाची स्वतंत्र माहिती देणे बंधनकारक झाले. फ्रान्समध्ये २०१३ पासून अशा पदार्थांची वार्षिक नोंद करावी लागते.

भारतात केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या नॅनो मिशनने प्रयोगशाळा व उद्योगांतील सुरक्षित हाताळणीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. नॅनो औषधांच्या मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये, तर नॅनोआधारित कृषी निविष्ठा व खाद्यपदार्थांची तत्त्वे जुलै २०२० मध्ये जाहीर झाली. या दस्तऐवजांचा रोख औषध, शेती आणि अन्न यांवर आहे. कागद, रंग, रबर किंवा बांधकाम साहित्यात मिसळली जाणारी नॅनोसेल्युलोजची भुकटी त्यांच्या मुख्य कक्षेत येत नाही. लखनऊची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था यांच्या रूपाने चाचणीसाठी लागणारे कौशल्य देशात उपलब्ध आहे.

कारखान्यात घ्यावयाची काळजी

नॅनोसेल्युलोजच्या संपूर्ण जीवनचक्राचा आढावा घेणाऱ्या २०१५ मधील एका अमेरिकी अभ्यासाने, निर्मितीच्या वेळी कोरडी भुकटी श्वासावाटे जाण्याच्या शक्यतेला सर्वाधिक प्राधान्य दिले होते. त्यावरील उपाय परिचित आणि तुलनेने स्वस्त आहेत. शक्य तेथे पदार्थ ओल्या जेलच्या स्वरूपातच साठवावा व पाठवावा. वाळवणे, दळणे, गोण्या भरणे आणि रिकाम्या करणे ही कामे बंदिस्त यंत्रणेत व्हावीत. धूळ निर्माण होते त्या जागीच ती खेचून घेणारी वायुवीजन व्यवस्था असावी. सांडलेली भुकटी झाडूने लोटू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने अथवा सूक्ष्म गाळणी असलेल्या यंत्राने उचलावी. मुखपट्टी हा शेवटचा उपाय असून तिच्या भरवशावर अन्य व्यवस्था टाळता येत नाहीत. कामावर रुजू होताना आणि त्यानंतर ठरावीक अंतराने कामगारांची फुप्फुस क्षमता तपासल्यास त्रासाची चाहूल वेळीच लागू शकते.

ग्राहकाच्या हाती येणाऱ्या कागदात, प्लास्टिकमध्ये किंवा रंगाच्या वाळलेल्या थरात हे कण घट्ट बांधलेले असतात. त्यामुळे नेहमीच्या वापरात ते श्वासावाटे जाण्याची शक्यता कमी असते. अशा वस्तू कापणे, घासणे किंवा त्यांची मोडतोड करणे यांत धूळ उडत असल्याने पुनर्वापर आणि भंगार व्यवसायातील कामगारांचा विचारही सुरक्षेच्या नियमांत व्हावा लागेल.

वनस्पतीजन्य नॅनोपदार्थांची उपयुक्तता निर्विवाद आहे आणि आतापर्यंतच्या पुराव्यांनुसार नॅनोसेल्युलोज हे अनेक कृत्रिम नॅनोपदार्थांपेक्षा सौम्य आहे. मात्र प्रत्येक उत्पादनाची सुरक्षितता त्याचा आकार, रूप, पृष्ठभागावरील रसायने, शुद्धता आणि शरीरात शिरण्याचा मार्ग तपासूनच ठरवावी लागते. भारतातील उत्पादन अद्याप मोठ्या प्रमाणावर सुरू झालेले नाही. गिरण्यांमध्ये धुळीचे नियम कामगार आजारी पडल्यानंतर आले. या नव्या उद्योगात ते यंत्रे सुरू होण्याआधी आखण्याची संधी देशाला उपलब्ध आहे.